गोदाआत्याचा वार बदलला

“ही मुकीच बरी. बोलणाऱ्या पोरी सुई चुकवत्यात.”

हौसाबाई हे शेजारच्या बेडवरच्या रफिकभाईंना सांगत होत्या आणि त्या वेळी त्यांचा डावा हात माझ्याच हातात होता. मी मान वर केली नाही. सुई कातडीखाली गेल्यापासून शिरेत पोचेपर्यंत मान वर करायची नसते. नळीत लाल रंग चढला, मी चिकटपट्टी लावली आणि दुसरी सुई उचलली.

“मावशी, ती ऐकतीय,” रफिकभाई म्हणाले.

“ऐकू दे की. मी काय वाईट बोलले व्हय?”

नोकरीत माझं कुणी केलेलं हे पहिलं कौतुक. सहा वर्षं झाली त्याला. तेव्हापासून आमच्या वॉर्डात माझं नाव मुकी. पगाराच्या यादीत दुसरं नाव आहे, पण त्या नावाने मला कुणी हाक मारली तर मलाच क्षणभर कळत नाही.

राहात्यातल्या एका हॉस्पिटलात मी डायलिसिस टेक्निशियन आहे. आमचे एक पेशंट साळवे गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि दर वर्षी तालुक्यातून एक दिवाळी अंक काढतात. “तुम्ही बोलत नाही, म्हणजे तुमच्याकडे साठलेलं असणार. लिहून द्या,” असं ते मला तीन वर्षं सांगत होते. मी दरवेळी मान हलवून मशीनकडे बघायचे. एक कारण असं की माझं शिक्षण नगरजवळच्या नागापूरच्या इंग्लिश मीडियम शाळेत झालं. वडील तिथल्याच एका कारखान्यात होते. शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे, आणि इंग्रजीत वाक्य पूर्ण होईपर्यंत तास संपायचा. त्यामुळे गप्प बसायची सवय लागली ती लागलीच. मराठी मी खरी शिकले ती या वॉर्डात, दहा बेडांच्या मध्ये उभी राहून. चुका गुरुजींनी दुरुस्त केल्यात. राहिलेल्या माझ्या.

आमचं काम काय असतं, ते थोडक्यात सांगते. किडन्या बंद पडल्या की अंगातलं पाणी आणि घाण बाहेर पडायची थांबते. मग रक्त नळीतून मशीनमध्ये घ्यायचं, स्वच्छ करायचं आणि दुसऱ्या नळीतून परत अंगात सोडायचं. चार तास लागतात. आठवड्यातून तीनदा. हे एकदा करून भागत नाही, औषधाचा कोर्स संपतो तसं संपत नाही. किडनी बदलता आली तर गोष्ट वेगळी, नाहीतर जन्मभर.

त्यासाठी हातात ऑपरेशन करून शीर आणि रोहिणी जोडून घेतात. मग ती शीर फुगते, जाड होते आणि तिच्यावर बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरतंय असं लागतं. ही गुरगुर चालू आहे म्हणजे हात चालू आहे. आमच्या सुया गोधडी शिवायच्या दाभणाची आठवण करून देतील इतक्या जाड असतात, आणि दरवेळी दोन. त्यामुळे पेशंट डॉक्टरपेक्षा सुई लावणाऱ्याकडे जास्त लक्ष देतात. माझ्या लक्षात चेहऱ्यांपेक्षा हात राहतात. हौसाबाईंची शीर कोपराखाली दोन बोटं सरळ जाते आणि मग पाटाला वळण द्यावं तशी बाहेर वळते. नवीन माणूस तिथे हमखास चुकतो. मी एकदाही चुकलेले नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहून टाकते.

दोन डायलिसिसच्या मध्ये प्यालेलं पाणी लघवीवाटे जात नाही, ते अंगातच राहतं आणि वजनकाट्यावर दिसतं. म्हणून आल्या आल्या पहिलं काम वजन. काट्यावर माणसं काय काय करतात! एक गृहस्थ भिंतीला एक बोट टेकवून उभे राहायचे, म्हणजे अर्धा किलो भिंतीने उचलावा. एकांनी अर्धं कलिंगड खाल्लं आणि डॉक्टरांशी वाद घातला, की कलिंगड हे फळ आहे, पाणी नव्हे. हौसाबाईंनी मात्र कधी चोरी केली नाही. राहात्याजवळच त्यांची पेरूची बाग आहे, आणि पेरू किडनीच्या पेशंटला वर्ज्य. पोटॅशियम वाढलं की हृदय बंद पडू शकतं. मोसमात त्या आमच्यासाठी पिशवी भरून पेरू आणायच्या. माझा मी जिन्यात नेऊन खायचे, बाकीचे खाताना त्या बघत बसायच्या. “खावा. मी वासावर हाय.”

मशीनला त्यांनी म्हैस म्हणायला सुरुवात केली. चार तास धार काढायची, म्हणून म्हैस. मशीनचा अलार्म वाजला की त्या मला हाक मारायच्या, “मुके, तुजी म्हैस हंबरली बघ.” हा अलार्म दिवसातून वीस वेळा तरी वाजतो. पेशंटने हात वाकवला, नळी अंगाखाली दबली, कुणी खोकलं, तरी वाजतो. लाल दिवा लागतो आणि रक्ताचा पंप थांबतो. मशीन सावध आहे, एवढाच त्याचा अर्थ. मी जायचे, आवाजाचं बटण दाबायचे, हात सरळ करायचे, पंप चालू करायचे. एक शब्द न बोलता. पुढे घोळ झाला तो या एक शब्द न बोलण्यानेच.

आमच्या वॉर्डात एक टीव्ही आहे. अकरा ते तीनच्या पाळीत दुपारी एक वाजता आदल्या दिवसाची मालिका पुन्हा लागते. मालिकेचं नाव सांगत नाही, त्यातली गोदाआत्या सांगितली की पुरे. भावाच्या घरी परत आलेली विधवा बहीण, तोंडाने फटकळ, घरातल्या प्रत्येकाला खरं ते तोंडावर सांगणारी. सुना तिला घाबरायच्या आणि रडायलाही तिच्याकडेच यायच्या. आमच्या वॉर्डाचा तिच्यावर जीव होता. गुरुजींनी नियमच केला होता, की ज्यांनी भाग आदल्या दिवशी घरी पाहिला असेल त्यांनी एक वाजेपर्यंत तोंड उघडायचं नाही. रफिकभाई टेम्पो चालवायचे, आता त्यांचा भाऊ चालवतो. ते मोबाईलवर सगळं आधीच बघून यायचे. तोंड उघडायचे नाहीत, पण त्यांच्या तोंडावरून सगळं कळायचं.

मग मालिकेत गोदाआत्याच्या किडन्या बंद पडल्या. वॉर्डात काय सन्मान वाटला म्हणून सांगू! “आपल्यातली झाली,” हौसाबाई म्हणाल्या. जणू आत्या उद्या अकरा वाजता येऊन त्यांच्या शेजारी झोपणार होती. मालिकेत सुनेने आत्याला प्रेमाने शहाळं दिलं तेव्हा दहाच्या दहा बेडांवरून आरडाओरडा झाला. “आत्या, पिऊ नका!” “अवं, पोटॅशियम हाय त्यात!” “त्या डॉक्टरला अक्कल हाय का न्हाई?” आत्याने शहाळं संपवलं. रफिकभाईंनी डोक्याला हात लावला, तो सुईचा हात होता, त्यांचा अलार्म वाजला.

पुढचं समजायला वॉर्डाची एक रीत सांगायला हवी. डायलिसिसच्या पेशंटचे वार ठरलेले असतात. हौसाबाई, गुरुजी आणि रफिकभाई मंगळवार-गुरुवार-शनिवारचे. कधी कधी कुणाच्या सोयीसाठी वार बदलतो. पण कधी कधी माणूस येत नाही आणि पुन्हा येणारच नसतो. तेव्हाही पेशंट एकमेकांना एवढंच म्हणतात, “त्यांचा वार बदलला.” पुढे कुणी काही विचारत नाही. हे आम्ही शिकवलेलं नाही, त्यांचं त्यांनी ठरवलंय. दाराजवळच्या बेडवरचे एक आजोबा गेले, तेव्हा रफिकभाई म्हणाले, “वार बदलला वाटतं,” आणि मला पंखा थोडा कमी करायला सांगितला. त्या आजोबांशी ते दोन वर्षं दर खेपेला भांडत होते.

तर त्या मंगळवारी सकाळी रफिकभाई आले ते घरचं कुणी गेल्यासारखं तोंड करून. गुरुजी भिंतीकडे तोंड करून झोपले. लता सिस्टर, म्हणजे आमच्या वॉर्डाच्या इनचार्ज, औषधाच्या कपाटाशी मला हळूच म्हणाल्या, “अगं, काल गोदाआत्याला मारलं. डायलिसिस चालू असताना. हौसाबाई बघतायत का?”

हौसाबाई रात्री लवकर झोपतात. त्यांची मालिका म्हणजे दुपारची.

टीव्हीचा रिमोट माझ्या खिशात असतो. चॅनल बदलायला एक बटण पुरे होतं. पण मग नऊ माणसांनी विचारलं असतं, का बदललं, आणि उत्तर द्यावं लागलं असतं. माझा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला.

एक वाजला. पडद्यावर आत्या मशीनला लावलेली. शेजारी एक मुलगी, टोपी, मास्क, फक्त डोळे दिसतायत. अलार्म वाजला. लाल उजेड. ती मुलगी पुढे आली, काही न बोलता तिने एक बटण दाबलं. आत्याचा हात पलंगाखाली लोंबला. मग संगीत.

हौसाबाईंनी “आगं माय गं” म्हणत दोन्ही हात कपाळावर मारले. सुयांचा हातही. त्यांच्या मशीनचा अलार्म वाजला. लाल दिवा लागला. मी गेले, टोपी, मास्क, फक्त डोळे, आणि काही न बोलता बटण दाबलं.

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तसं त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं. मी हात सरळ केला, पंप चालू केला. मला वाटलं, आत्यासाठी रडतायत. पुढच्या मशीनकडे गेले.

गुरुवारी त्या आल्या नाहीत.

बेड रिकामा बघून रफिकभाईंच्या तोंडून निघून गेलं, “मावशींचा वार…” आणि त्यांनी जीभ चावली. लता सिस्टरने घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. फोन त्यांच्या सुनेने, मंदाने, घेतला.

“ताई, मी काय करू, सांगा! येत न्हाई म्हनत्यात. म्हनत्यात, त्या पोरीनं बटन दाबलं आन आत्या गेली, माझ्या बी मशीनचं तसंच दाबलं. मी वाचले ती त्या दिवशी, रोज वाचंन का? जेवत न्हाईत धड. गोदाआत्यासाठी दिवा लावलाय दक्षिणेला तोंड करून. धा दिवस ठेवायचा म्हनत्यात. ह्यांनी किती सांगितलं, की आई, ती बाई नाटकातली हाय. तर ह्यांच्यावरच वरडल्या, की नाटकातली असली म्हनून काय झालं, गेली ती गेलीच ना!”

डॉक्टरांनीही फोनवर समजावलं. मग समजावता समजावता ते रागावले, आणि पलीकडून फोन बंद झाला.

इकडे वॉर्डात वेगळंच चाललं होतं. रफिकभाईंचं म्हणणं, आत्या गेलेली नाही. “अग्नी दाखवला का? न्हाई. चेहऱ्यावरून चादर वढली का? न्हाई. मग? आणत्यात बघा परत.” गुरुजी चॅनलला पत्र लिहीत होते. आत्याला परत आणावं, आणि ते जमत नसेल तर निदान डायलिसिस खरं तसं दाखवावं. त्यांनी मला तांत्रिक चुका विचारल्या. बोलायचं नव्हतं, लिहायचं होतं, म्हणून मी खुशीत कागद घेतला. चौदा चुका निघाल्या. दोन्ही नळ्या एकाच रंगाच्या. ज्या हातात सुया त्याच हाताला बीपीचा पट्टा. मशीनचा पडदा बंद, तरी आवाज चालू. शहाळं. खरं सांगायचं तर इतकं मन लावून मी परीक्षेचा पेपरही लिहिला नव्हता.

गुरुजी बेडवर पडल्या पडल्या एका हाताने कागद धरून मोठ्याने वाचत होते. सातव्या मुद्द्यावर थांबले. “‘अलार्म वाजल्यावर बटण दाबल्याने पेशंटला काहीही होत नाही. ते फक्त आवाज बंद करायचं बटण आहे. अलार्म म्हणजे मशीन पेशंटची काळजी घेत असल्याची खूण.’” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “उत्तम लिहिलंय. हे तुम्ही चॅनलला कळवताय. मंगळवारी हौसाबाईंना का नाही सांगितलंत?”

हौसाबाई माझ्या हाताखाली सहा वर्षं झोपत होत्या आणि ती म्हैस का हंबरते हे मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. सुई लावणं हे माझं काम, बोलणं दुसऱ्या कुणाचं तरी, असं मी धरून चालले होते.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन मी त्यांच्या घरचा नंबर लावला. पाठ केलेली दोन वाक्यं होती. फोन हौसाबाईंनीच उचलला.

“हॅलो. कोन?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“कोन बोलतंय? आरं बोला की.” मग जरा वेळ नुसती धाप ऐकू आली. बसल्या जागी लागणारी धाप. फुफ्फुसात पाणी साठायला लागलं की लागते तशी. आणि मग त्या म्हणाल्या, “मुके, तू हाईस का?”

मी फोन ठेवला. सहा वर्षांत मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिथे काय चाललंय ते मला फोनवरच्या श्वासावरून कळलं होतं. एक खेप चुकली होती; दुसरीही चुकली की काय होतं, हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त म्हणताना कुणी तसं म्हणत नाही.

मी लता सिस्टरकडे गेले आणि त्यांना श्वासाचं सांगितलं. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, मंदाला फोन केला. मंदा रडायलाच लागली. हौसाबाईंचा एकच हट्ट होता, की मरायचं तर घरी मरीन, मशीनवर न्हाई. शेवटी काम रफिकभाईंनी केलं. शनिवारी सकाळी भावाला घेऊन ते टेम्पोने थेट हौसाबाईंच्या दारात गेले. काय बोलले ते त्यांनी नंतर आम्हाला ऐकवलं.

“मावशी, तुमी येनार न्हाई म्हनून खिडकीजवळचा बेड त्या सोमवारवाल्या बाईला देत्यात. मी आपलं सांगायला आलो.”

“कोनत्या बाईला? त्या घोरणारीला?”

“तिलाच.”

“माझा बेड हाय त्यो!”

“मग चला, सांगा तसं.”

आणि त्या आल्या. मंदाच्या खांद्यावर भार टाकून, दर चार पावलांवर थांबत. वजन पाच किलो जास्त भरलं. पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहत होता. त्या चालत खिडकीजवळच्या बेडपर्यंत गेल्या, त्यावर बसल्या, दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाल्या, “बेड माझा हाय, एवढंच सांगायला आले. सुई लावून घ्यायची न्हाई.”

इथे जरा थांबते. हे मी लिहितेय तोही शनिवारच आहे, पण बऱ्याच महिन्यांनंतरचा, आणि हौसाबाई याच बेडवर पडून टीव्ही बघतायत. त्यामुळे शेवटी काय झालं हे लपवण्यात अर्थ नाही. गोदाआत्या परत आली नाही. गुरुजींच्या पत्राला उत्तर आलं नाही. आत्याचं काम करणारी नटी हल्ली दुसऱ्या मालिकेत खाष्ट सासू झालीय आणि हौसाबाई तिच्यावर फार नाराज आहेत. “मेल्यापास्नं लई बिघडली ही,” म्हणतात. माझ्या कामात एक फरक पडलाय. आता अलार्म वाजला की मी बटण दाबायच्या आधी मोठ्याने सांगते: हात वाकला, नळी दबली, काही नाही. सुरुवातीला हे सांगताना माझे कान तापायचे. आता निम्मे पेशंट माझ्या आधीच ओरडतात, “हात वाकला!” वॉर्डात गोंगाट वाढलाय, अशी लता सिस्टरची तक्रार आहे. मी अजून मुकीच आहे, नाव बदललेलं नाही.

पण त्या शनिवारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं.

डॉक्टर आले. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की आत्ता मशीनवर घेतलं नाही तर तासाभरात ॲम्ब्युलन्सने नगरला न्यावं लागेल, आणि वाटेत काय होईल ते सांगता येत नाही. हौसाबाईंनी मान हलवली आणि हात पदराखालीच ठेवले. लता सिस्टरने समजावलं. मंदाने पाय धरले. “आत्या, तुमच्या नातवाचं तोंड बघा की,” ती म्हणाली. ती सासूला आत्या म्हणते हे माझ्या तेव्हा प्रथमच लक्षात आलं. गुरुजींनी आपल्या बेडवरून सातवा मुद्दा वाचून दाखवला. “गुरुजी, कागद वाचू नका, मला धाप लागतीय,” हौसाबाई म्हणाल्या. रफिकभाई म्हणाले, “मावशी, ती घोरणारी बाई खाली येऊन बसलीय.” या वेळी त्या हसल्याही नाहीत.

डॉक्टर ॲम्ब्युलन्ससाठी फोन काढत होते. मी स्टूल ओढलं आणि रोज बसते तिथे, त्यांच्या डाव्या बाजूला बसले. सुयांचा ट्रे बाजूला ठेवला. पदराखाली हात घालून त्यांच्या हातावर दोन बोटं ठेवली, कोपराखाली, वळणाच्या अलीकडे. गुरगुर चालू होती. त्यांनी हात ओढून घेतला नाही, पण मूठ घट्ट होती.

“खरं सांग, मुके,” त्या म्हणाल्या. धापेमुळे शब्द सुटे सुटे येत होते. “आत्याचा वार बदलला. तिनं बी असाच इस्वासानं हात दिला असंल ना त्या पोरीच्या हातात?”

वॉर्डात पडद्यावरच्या, नाटकातल्या बाईसाठी का होईना, कुणीतरी या वाक्याच्या पुढे पहिल्यांदाच काही विचारलं होतं. नऊ बेड ऐकत होते. मला दिसत होतं, की त्या आत्याबद्दल विचारतायत आणि दाराजवळच्या आजोबांबद्दलही, आणि स्वतःबद्दलही. पाठ केलेली वाक्यं आठवत नव्हती. अलार्म, बटण, पंप, यातलं काही त्यांना नको होतं. त्या मास्ककडे बघत होत्या. सहा वर्षांत त्यांनी माझं तोंड पाहिलं नव्हतं.

सुई लावताना मास्क काढायचा नसतो. सुई अजून ट्रेमध्ये होती. मी मास्क हनुवटीखाली ओढला.

“मावशी,” मी म्हणाले, आणि आवाज पार दाराजवळच्या बेडपर्यंत गेला, “गोदाआत्याला सुई मी लावली नव्हती.”